खिळ्यावरची जाळी

प्रिय दोसिंदा,

तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट न फोडताच चुलीत टाकशील, अशी मला धास्ती आहे. टाकू नकोस. शेवटपर्यंत वाच, मग हवं ते कर. येत्या शनिवारी गावच्या सभागृहात एक चित्रपट दाखवणार आहेत, त्यात मी आहे, आणि त्या शनिवारची मला भीती वाटतेय. काल कोबी-बटाट्याचं सार केलं होतं, तुला आवडायचं तसं, डुकराचं हाड घालून. दोन चमचे घेतले आणि बाकीचं झाकून ठेवलं.

हसलीस ना? मी आणि चित्रपटात! मार्चमध्ये सान्तियागो शहरातून ती चित्रपटवाली मंडळी आली. दिग्दर्शिका उशीआ नावाची, तिशीतली पोरगी, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून धक्क्यावर हिंडायची. मासळीच्या डब्यांच्या कारखान्यात राबणाऱ्या, घराचा गाडा ओढता ओढता मेटाकुटीला आलेल्या एका बाईची गोष्ट, आणि सगळी आपल्या गालिसियन भाषेत, स्पॅनिशमध्ये नव्हे. नट्या नकोत, खऱ्या बाया हव्यात, म्हणाली. कारखान्यात आमच्या टेबलावर नुसता हशा. कासिल्दा, आपली मुकादमीण, म्हणाली, "ओब्दुलिया, तूच जा. तुझ्या अंगाला तसाही मासळीचा वास मारतो, सोंग करायला नको!" तुझ्या अंगाला काय गुलाब फुलतात, म्हटलं, आणि गेले. रविवारचं काम, जुन्या बंद शेडमध्ये, वर जेवण.

पहिले दोन रविवार मजेत गेले. सार्डिन मासळीची मुंडकी उडवायची, शिंपल्यांतलं मांस सोडवायचं, जे आपण डोळे मिटून करू. पण सारखं थांबायचं आणि पुन्हा करायचं. पंधरा मुंडक्यांना अख्खी सकाळ! कासिल्दाने पाहिलं असतं तर तिला झीट आली असती. तिसऱ्या रविवारी उशीआने मला एका खुर्चीवर बसवलं. समोर एक माणूस, कामगार खात्याचा तपासनीस झालेला. गोष्टीत एकीचा हात यंत्रात सापडतो आणि तिच्या शेजारणीला तो विचारतो, बाई, तुम्ही काय पाहिलंत? ती शेजारीण म्हणजे मी. लिहिलेलं काही नव्हतं, तुझ्या मनाने बोल, म्हणाली. मला दरदरून घाम फुटला.

दोसिंदा, तुझ्या अपघातानंतर खरा तपासनीस आला तेव्हा तू इस्पितळात होतीस. कचेरीत कागद आधीच तयार होता, गुळगुळीत स्पॅनिशमध्ये. हात आत जाऊ नये म्हणून असलेली संरक्षक जाळी यंत्रावर होती, कामगार बाईने घाईत स्वतःच वर केली, असं त्यात होतं. व्यवस्थापक दारात उभा राहून नुसता माझ्याकडे पाहत होता. माझं हंगामी काम पुढच्या आठवड्यात संपणार होतं. मी सही केली. महिन्याभरात मला कायम केलं. तुझी दोन बोटं गेली ती तुझीच चूक ठरली आणि तू भावाकडे ओउरेन्सेला निघून गेलीस. मी बस थांब्यावर आले नाही. खिडकीच्या पडद्याआडून पाहत होते. तू डाव्या हाताने पेटी उचलायला धडपडत होतीस, आणि मी पडदा सोडून दिला.

कॅमेऱ्यापुढे मात्र कसं कोण जाणे, खरं निघून गेलं. जाळी खिळ्याला टांगलेली होती, म्हटलं. जाळी असली की डबे सावकाश सरकतात, म्हणून ती सकाळीच काढायला लावली होती. मी डोळ्यांनी पाहिलं आणि खोटं बोलले. मग रडूच आवरेना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उशीआने मला मिठी मारली, "काय अभिनय केलास गं बाई!" मी डोळे पुसले आणि त्यांनी दिलेली सारण भरलेली एम्पनाडा खाल्ली. सगळी खाल्ली, लाज वाटते सांगायला.

आता शनिवारी पहिल्या रांगेत व्यवस्थापक बसणार. खाण्यापिण्याला शिंपल्यांचे डबे त्याने दिलेत ना! तो ओळखेल आणि सोमवारी मला घरी बसवेल, ही एक भीती. दुसरी तिच्याहून वाईट आहे. तोही टाळ्या वाजवेल, छान काम केलंस म्हणेल, आणि मी मान डोलवून गप्प बसेन.

आणि परवा आणखी एक झालं. माझ्या अंतियाला, सप्टेंबरपासून हंगामी लागलीय ती, झाकणं बसवायच्या यंत्रावर घातलं. तुझ्याच यंत्रावर. मी काहीतरी निमित्त काढून बघून आले. जाळी पुन्हा खिळ्यावर. कासिल्दाला म्हटलं तर म्हणते, "अगं, पोरीचे हात चपळ आहेत, तू कशाला जीव टांगणीला लावतेस?" तुझेही चपळ होते. तेव्हापासून पोरगी घरी आली की मी आधी तिचे हात बघते. ती चिडते, "आई, रोज रोज काय तपासतेस गं?" मी काय सांगू तिला? मला फार भीती वाटते, दोसिंदा.

तुझा वकील तेव्हा म्हणाला होता, एक जरी साक्षीदार मिळाली तरी प्रकरण पुन्हा उघडू. चित्रपटातलं बोलणं कारखानेवाले नाटक म्हणून झटकून टाकतील, आणि माझी गाळण उडाली तर मीही तेच म्हणेन. मी स्वतःला ओळखते. म्हणून शनिवारच्या आधी हे कागदावर उतरवतेय, आपल्या भाषेत, माझ्या हाताने. तीन वर्षांपूर्वी नऊ ऑक्टोबरला सकाळी अकराच्या सुमारास जाळी यंत्रावर नव्हती, आणि तू ती काढली नव्हतीस. हे पत्र वकिलाला दे. मी मागे सरले तर माझ्या तोंडासमोर धर. माफी मागायला मला तोंड नाही, ती मागत नाही. नाव नीट वाचता येईल असं सावकाश लिहितेय. ओळखपत्राचा क्रमांक मागच्या बाजूला आहे.

तुझीच,
ओब्दुलिया लामास रेबोरेदो