विहिरीतली जर्मनची थाळी

देवगाव रंगारी
२ मार्च १९६९

चि. सारजाबाई हिस अनेक आशीर्वाद.

विशेष, इकडं खुशाली अर्धीच. आमची शाळा निजामाच्या राज्यातली, उर्दू, तवा अक्षर जुळवून वाच. तू दिवाळीला आलतीस तवा विहिरीवरला उंबर तोडला. पानं कुजून पाणी नासत होतं. तर आता पाणी शेवाळानं हिरवंगार! अर्धी आळी तिथंच पाणी भरायची, आता कुणी फिरकत नाय. गाव म्हणतं, तुझ्या मायनं, आवडाबाईनं हट्टानं उंबर तोडायला लावला, म्हणून दत्त कोपला. तुझ्या मायला कुणी हळदीकुंकवाला बोलवीना. लई रडती. तू तिकडं समुद्रातलं शेवाळच शिकतीस नं? मग काहीतरी सांग बाई.

बापाची माया आहेच, ती कळावी.
कडूबा

रत्नागिरी
९ मार्च १९६९

ती. दादांस सारजाचा शि. सा. न. वि. वि.

माय रडते हे वाचून लगेच लिहायला बसले. दादा, हा कोप नाही, ऊन आहे. समुद्रातल्या वनस्पतीही उन्हावरच अन्न करतात, म्हणून ऊन पोचतं तेवढ्याच खोलीत राहतात. आम्ही होडीतून पांढरी थाळी दोरीनं सोडतो, दिसेनाशी झाली की गाठी मोजतो. काठाशी हिरवं शेवाळ. उन्हातला तांबडा भाग पाणी वरच पिऊन टाकतं, खाली निळसर उजेड उरतो, त्यावर लाल शेवाळ भागवतं. त्याच्याही खाली अंधार, तिथं एक पान सापडत नाही.

उंबराची सावली गेली न् दुपारचं ऊन थेट विहिरीत शिरलं, त्यावरच शेवाळ माजलं. विहिरीचं तोंड कापसाच्या पऱ्हाट्या न् कडब्यानं झाका. मायला म्हणावं, घरातली जर्मनची, ॲल्युमिनियमची थाळी दोरीनं सोडून बघ, किती हातांवर गडप होते.

एक विचारते. माय तर त्या दिवशी कुऱ्हाडीला आडवी झाली होती, मी डोळ्यांनी पाहिलं. मग हट्ट तिचा, हे गावाला कुणी सांगितलं?

रागावू नका, पण उत्तर धाडा.
सारजा

देवगाव रंगारी
६ एप्रिल १९६९

चि. सारजाबाईस आशीर्वाद.

विहीर झाकली. पहिल्या दिवशी थाळी दोन हातांवर गडप. तुझी माय रोज सकाळी कडबा सारून थाळी सोडती, हात मोजती, भिंतीवर कोळशानं रेघा ओढती. वर मलाच इचारती, लाल शेवाळाला तेवढा उजेड पुरतो कसा? मी काय सांगू, कप्पाळ! ते तूच तिला लिही. काल थाळी नऊ हातांवर दिसत होती. बाया म्हणाल्या, देव पावला.

तुझा सवाल महिनाभर टाळला. गाव बोलाया लागलं तवा मी घाबरलो न् तिचं नाव पुढं केलं. तिनं समदा बोल आपल्या अंगावर घेतला. आज विहिरीवर सगळ्या बायांसमोर कबूल केलं, कुऱ्हाड माझी, हट्ट बी माझाच. वाटलं, रडंल. तिनं ओली थाळी माझ्या हातात दिली न् म्हणाली, आता रोज तुम्ही मोजा.

मोजतो. तुझा लोभ माझ्यावर राहिला का, तेवढं लिही.
कडूबा