खराट्याच्या टोकाला

४ मार्च
खर्र, खर्र. शाळेच्या पटांगणात शिपाईमामा खराटा फिरवायचे आणि त्या ठेक्यावर आम्ही वर्गात कविता घोकायचो. आयुष्य सरत आलं, आणि आता तोच खराटा माझ्या हातात आला. लेक हायड्रोजनच्या कारखान्यात इंजिनियर आहे. त्याने मला इथे चिकटवलं, कारखान्याच्याच वरच्या मजल्यावर राहायला खोलीही दिली. सूनबाईंना घर मोकळं हवं होतं, हे कोणी बोललं नाही. खोली झकास आहे. ऊन येतं.

काम लेकानेच समजावलं. पाण्याची वाफ आठशे अंशांवर तापवतात, सिरॅमिकच्या चकत्यांवरून नेतात आणि विजेने तिच्यातला हायड्रोजन सुटा करतात. तो गळून पेटला, तर ज्योत उजेडात दिसत नाही. धूरही नाही. म्हणून हायड्रोजनच्या नळांलगत खराटा पुढे धरून चालायचं. काड्या पेटल्या की तिथे आग आहे. गळती टिपणारी यंत्रं महाग पडतात कविराज, म्हातारे परवडतात, असं मुकादम हसत म्हणाला; मी कविता पुटपुटतो म्हणून कविराज. मीही हसलो.

९ मार्च
आज काड्या पेटल्या. समोर नुसती हवा, आणि टोक भसकन जळालं. मुकादमाने झडप बंद केली, चहा पाजला. लेकाने लांबूनच मान हलवली. तेवढ्यानेही बरं वाटलं.

१४ मार्च
जेवणघराच्या वाटेवर खराटा पेटला. तिथे नळच नाही. लेकाला सांगितलं, तर म्हणाला, बाबा, घरी परत यायचे बहाणे पुरे करा. चारचौघांत म्हणाला.

१६ मार्च
कविता गुणगुणत चालतो. कडवं संपलं की काड्या विझतात. पुढचं सुरू केलं की पेटतात. आज तोंड मिटून चाललो. तरी ती आग माझ्यामागे खोलीच्या जिन्यापर्यंत आली.

१८ मार्च
खिडकीतून फुलपाखरू आलं. खोलीच्या मधोमध, हवेतच जळून पडलं. लेकाला फोन केला — उचलला नाही. पुन्हा केला. नाही.

१९, सकाळ
पलंगावर पाय पोटाशी घेऊन. खराटा निम्मा उरलाय, तोच फिरवून पाहतो. उशाशी काही नाही. खिडकीशी नाही. दाराशी — दाराशी पेटतो. दाराचा रंग फुगतोय.

कडी वाजली. मुकादम असेल —

नाही. लेक. इथे कधी पाऊल न टाकलेला. म्हणतोय, बाबा, तुमचं खरं होतं, जिन्याचा कठडा जळालाय. म्हणतोय, चुकलो, सामान आवरा, घरी जाऊ. दार लोटतोय — थांब रे राजा, हात नको पुढे करूस, मधे ती —