नाव टाकून शोधा

२ जून २०२५
बारामतीचं बिऱ्हाड हलवून आज इंदापुरात आलो. पुतणी प्रगती इथल्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. तिला संदर्भाच्या टेबलावर माणूस हवा होता. मला, मराठीच्या निवृत्त मास्तराला, पुस्तकांचा वास. आमच्या लीलाबाईंनी आल्या आल्या तुळस अंगणात ठेवली.

प्रगतीनं वाचनालयापुरती एक शोधखिडकी केलीय. ती साऱ्या इंटरनेटवर भटकत नाही, आपण यादीत जोडलेल्या संकेतस्थळांतच शोधते. मी लगेच कवितांचं एक जोडलं. एका शब्दावर सहावीची अख्खी कविता समोर आली. खडूची धूळसुद्धा नाकात गेली!

६ जून
लोक उसावरची हुमणी कीड विचारतात, डाळिंबावरचा तेल्या रोग विचारतात. पण निम्म्यांना दहावा हवा असतो: कुणाचा, कधी, कुठल्या घाटावर. दहाव्याला गेलं नाही तर जन्माचा रुसवा. म्हणून आज दहाव्यांच्या जाहिरातींचंही एक संकेतस्थळ जोडलं.

१० जून
सणसरच्या गोजरबाई आल्या. त्यांचे चुलतदीर रावजी दवाखान्यात होते, ते गेले असं बाजारात ऐकलं म्हणे. नाव टाकलं. जाहिरात आली. दहावा एकवीस तारखेला, नीरेकाठी.

११ जून
गोजरबाई दारातूनच कडाडल्या, "मास्तर, जित्या माणसाचा दहावा घालताय व्हय? म्या दारात गळा काढला, तर दवाखान्यातनं घरी आल्याला म्हातारा आतनं म्हनतो, रडू नगं, भाकरी खायाला ये!" सारं वाचनालय हसलं. मीही हसलो.

मग जाहिरात पुन्हा उघडली. आपण दहाव्याचा दिवस बघतो, घाट बघतो. निधनाची तारीख कोण बघतं? तिथं उद्याची तारीख होती.

१२ जून
रावजी दुपारी गेले. जेवता जेवता.

१४ जून
प्रगती म्हणते, यादीत असलं संकेतस्थळच नाही. मग मला जाहिरात दिसते कशी?

धडधाकट माणसाचं नाव टाकून बघू म्हटलं, काही यायचं नाही. लासुर्ण्याचा बिरदेव, माझा जुना विद्यार्थी. आली. निधन, सतरा तारीख.

फोन केला. जपून राहा म्हणालो. तो हसला, म्हणाला, गुरुजी, सहावीची कविता म्हणून दाखवू? सगळी म्हटली. एक शब्द चुकला नाही.

१७ जून
बिरदेव—
पोरगा होता माझा.

१८ जून
शोधखिडकी आता सभासदांच्या फोनवर. प्रगतीनं लीलाच्या फोनमध्येही घातलीय. बंद कर म्हणालो, हात जोडले. ती म्हणाली, काका, उन्हाचं फिरू नका.

लीलाला बजावलं, स्वतःचं नाव टाकायचं नाही. न्हाय टाकत, म्हणाली, पण झालंय काय तुमाला? सांगवेना. फोन गव्हाच्या पिठाच्या डब्यात लपवला.

१९ जून
चपात्यांना पीठ काढताना तिला फोन सापडला. मी अंघोळीला—
नाव टाकलंय.
तिचं नाही. माझं. लाजत म्हणाली, उखाण्यापुरतं घेतलं तेवढंच, पुन्हा तोंडानं कधी घेतलं न्हाय. म्हटलं, बोटानं तरी घ्यावं.
तिचं नाही! तिचं नाही—
चष्मा नव्हता तिच्या डोळ्यांवर. फक्त माझा फोटो दिसला. झाक आलाय, म्हणते.
मी तारीख वाचली. आजची.
ती चहा टाकतेय. येईपर्यंत तिच्यासाठी एक ओळ तरी, स्वतःची—
लीला, तू आलीस तेव्हा