कढईचं तापमान कोण बदलतंय?

३ सप्टेंबर
हरिसाची, म्हणजे आमच्या लाल मिरचीच्या चटणीची, नवी कढई आजपासून माझ्या प्रोग्रॅमवर. तापमान ९२. डेटा रजिस्टरमध्ये, म्हणजे यंत्राच्या मेमरीत, मी स्वतः लिहिलं. नाबेलच्या अख्ख्या कारखान्यात हे जमणारा माणूस एकच. नम्रपणे नोंदवतो.
कॉफी पिताना रिदाने नाक खुपसलं. म्हणे, "नूफेल, वीज गेली की हे रजिस्टर कोरं होतं. आकडा टिकणाऱ्या भागात टाक. मॅन्युअलमध्ये खबरदारीचं अख्खं प्रकरण आहे, वाच की लेका."
खबरदारी भित्र्यांसाठी असते. तरी संकल्प: रविवारी मॅन्युअल वाचणे.

४ सप्टेंबर
कामावर पोचलो तर कढई ७० वर! पहिली खेप तशीच शिजलेली. ९२ केलं. रात्री कढई धुतात, आणि रात्रपाळीचा इंजिनियर रिदा. सहज नोंदवून ठेवतो.

६ सप्टेंबर
परत ७०. आता डोक्यात प्रकाश पडतोय. मुख्य इंजिनियर सी मोन्जी, म्हणजे आमचे मोन्जीसाहेब, डिसेंबरात निवृत्त. खुर्ची एक, आम्ही दोघं.
गाबेसच्या कॉलेजात रिदा आणि मी एका खोलीत राहिलो, एका वाडग्यात चण्यांची लाबलाबी खाल्ली. माझ्या लग्नात तो माझ्या आईपेक्षा जास्त रडला. आता वाटतं, ते तरी खरं होतं का?

७ सप्टेंबर, रविवार
मॅन्युअल उघडलं. मेहुणे आले. जेवायला कुसकुस. मॅन्युअल मिटलं.

९ सप्टेंबर
स्क्रीनला पासवर्ड लावला. फक्त मला माहीत. आता कर म्हणावं.

१० सप्टेंबर
७०. पासवर्ड फोडला! जलीलाला सांगितलं. बायको असून म्हणते, "रिदाला स्वतःच्या फोनचा पासवर्ड आठवत नाही. मागच्या ईदला तूच उघडून दिलास ना?"
घरातही एकटा पडलोय.

१३ सप्टेंबर
बरण्यांची झाकणं फुगली. हरिसा कच्ची राहिलेली. गोदामभर माल फेकावा लागला. सी मोन्जींनी सगळ्यांसमोर विचारलं, याला जबाबदार कोण? मी रिदाचं नाव घेतलं.
रिदा माझ्याकडे वळला. म्हणाला, "तुला खरंच असं वाटतं?"
मी म्हटलं, हो.
हेल्मेट टेबलावर ठेवून निघून गेला. चोर असेच जातात.

१८ सप्टेंबर
रिदाचा राजीनामा. स्फॅक्सला, तेलाच्या कारखान्यात. मला भेटलासुद्धा नाही. इतक्या वर्षांच्या मैत्रीचं हे फळ. मी मात्र मनाने मोठा. माफ केलं.

१९ सप्टेंबर
७०.
जाताना कुणाला तरी शिकवून गेलेला दिसतो.

२२ सप्टेंबर
कायमचा तोडगा. प्रोग्रॅम आता प्रत्येक क्षणी कायमच्या मेमरीत ९२ लिहील. लिहितच राहील. आता कुणी पुसून दाखवावं.

२३ सप्टेंबर
कढई चालवणारं मॉड्यूल मेलं. लाल दिवा. कढई थंड, आणि फाटकाबाहेर मिरच्यांच्या ट्रकची रांग. कंपनीने माल हलका दिला. तिथेही फसवणूक.

२६ सप्टेंबर
मॉड्यूलच्या कंपनीची इंजिनियर ओल्फा ट्युनिसहून आली. सी मोन्जींसमोरच म्हणाली की कायमच्या मेमरीत ठरावीक वेळाच लिहिता येतं, इथे कुणीतरी तिचं सगळं आयुष्य एका दिवसात लिहून संपवलंय.
मग म्हणाली, "आणि ते ७० रोज धुलाईला वीज बंद केली की येतं. रजिस्टर कोरं होतं. कोरं दिसलं की ७० धर, अशी ओळ आहे प्रोग्रॅममध्ये. कुणाची ही?"
मी म्हटलं, बघावं लागेल.
ओळीवर लिहिलेलं होतं: नूफेल, चाचणीपुरतं, नंतर काढणे.
सी मोन्जी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "रिदा तर तुझ्याविरुद्ध एक शब्दही बोलला नव्हता रे."

२८ सप्टेंबर, रविवार
रिदाला फोन केला. सरळ माफी मागायची, असं ठरवलं होतं. वाक्य पाठ होतं.
तो म्हणाला, "बोल."
मी विचारलं, स्फॅक्सला हवा कशी आहे?
"कोरडी."
पण फोन ठेवला नाही त्याने. बराच वेळ त्याचा श्वास ऐकू येत होता. मी तोंड उघडलं, आणि माझा बॅलन्स संपला.