मर्विनच्या हातातला पाना

१२ जुलै, शनिवार

आज पुन्हा तेच! इदवल रूळ तपासायची सकाळची फेरी आटोपून, लांब दांड्याचा हातोडा खांद्यावर टाकून स्टेशनात आला. वहीत ‘मार्ग ठीक’ लिहून सही केली. आणि पाऊण तासाने त्याच बाजूने मर्विन उगवला. हात ग्रीसने काळे, कोटाखाली काहीतरी लपवलेलं. तिकीटखिडकीतून मी विचारलं, कुठे होता? म्हणे मेंढ्या रुळावर आल्या होत्या. मेंढ्या हाकलून हाताला ग्रीस लागतं?

१३ जुलै

इदवलला सांगितलं. तो म्हणतो, “मर्विनला माझी फेरी हवी आहे.” खरंच, गेल्या वर्षी कमिटीत मर्विननेच काढलं होतं – इदवलच्या जोडीला कुणी देऊ या का? स्लेटच्या दगडखाणीची ही बंद पडलेली, दोन फुटी रुळांची लाईन आम्ही गावकऱ्यांनी झुडपांतून उकरून काढली, पर्यटकांसाठी पुन्हा चालू केली. एकतीस वर्षं माझा नवरा हे रूळ फुकट तपासतोय. आणि हा इंग्लंडातून, बर्मिंगहॅमहून कालपरवा आलेला माणूस, आमच्या वेल्श भाषेचा एक शब्द येत नाही!

१९ जुलै

कोटाखाली पाना आहे त्याच्याकडे. पाहिला.

२० जुलै

डोक्यातून जात नाही. बोल्ट सैल करत असेल तर? दोष इदवलवर यावा म्हणून? वरच्या वळणावर डबा घसरला तर खाली थेट ओढा. शनिवारी साठेक माणसं असतात गाडीत.

२६ जुलै

सेक्रेटरी बेथनला तिकिटांवर बसवलं आणि मर्विनच्या मागे गेले. वळणावर तो गुडघे टेकून रुळाच्या सांध्यावर पाना चालवत होता. मी ओरडलेच. त्याने शांतपणे पाना माझ्यापुढे धरला.

“फिरवून बघा, नेस्टा. मी आवळतोय.”

मग सांगितलं. मे महिन्यापासून तो इदवलच्या मागून चालतोय. इदवलला सैल बोल्ट दिसत नाहीत, रूळ घट्ट धरणाऱ्या लाकडी पाचरी निसटलेल्या दिसत नाहीत, हातोडा भलतीकडेच बसतो. मग बोललात का नाही, मी म्हटलं.

“फेरी काढून घेतली असती त्यांची. सकाळी उठून करायचं काय मग त्यांनी?”

मी विश्वास ठेवला नाही. बरा बनाव रचलाय, असंच वाटलं.

२७ जुलै

इदवलबरोबर स्वतः चालले. पुलाअलीकडे एक पाचर निसटून गवतात पडली होती – चांगली वीतभर! तिच्यावर पाय देऊन तो पुढे गेला. “चोख आहे सगळं,” म्हणाला. मी ती उचलली, दगडाने ठोकून बसवली. त्याने मागे वळून विचारलं, काय गं, बुटाची नाडी सुटली का? हो म्हटलं.

२९ जुलै

मर्विन एक दिवस तापाने पडला तर? बेथनला फोन केला. सगळं सांगितलं. माझं नाव येऊ देऊ नकोस, एवढंही म्हटलं.

२ ऑगस्ट

कमिटीची चिठ्ठी आली, इदवलची फेरी काढून घेतली. इदवल सकाळपासून खुर्चीतून उठलेला नाही. एकदाच बोलला – हे त्या मर्विनचंच काम.

मी नाही म्हटलं नाही.