सेमलपाटीच्या तलावातला मोठा मासा

सेमलपाटी, चिखलदऱ्याच्या मांगे
१२ एप्रिल

ति. रागिणीताईस,
कुलदीपचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नको, मी धडधाकट हावो. शाळंत निबंधाचं पान कोरं ठेवनारा तुहा भाऊ पत्र लिहून राहिला, कारन इथं रेंजच नाही. मोबाइल फक्त टाइम पाहाच्या कामी येते. भाजीची जीप चालवनारा देवमन मधातून मधातून परतवाड्याले उतरते, त्याच्या हातानं हे पत्र अकोटच्या यष्टीत बसंन. मधात कोनी फोडून वाचलं असंन त त्याले बी माहा नमस्कार.

आईनं मले काहून धाडलं ते तुले माहीत आहे. मे महिन्याच्या सतरा तारखेले तुहं लगन, अन् मंगलाष्टकं चालू असतानी नवरीच्या पाठीशी मामा उभा पाह्यजे. खुशालमामा दर खेपी म्हनतात की सीझन आहे, पाहुने आहेत, येनं होत नाही. आई म्हने पाय धर, रड, उपाशी बस, पन माह्या भावाले घेऊन ये. उपाशी बसनं काही जमलं नाही. मामाच्या हातचे रोडगे अन् वांग्याची भाजी समोर आली की मानूस काय करन.

ताई, जागा मात्र गजब आहे. मामा पाहुन्यायसाठी चालवतात तो बंगला जुना, कोन्या साहेबाचा शिकारीचा. शिकार त कवाचीच बंद झाली, शिंगं-मुंडके बी गेले, भितीवर नुसत्या खुंट्या राह्यल्या. मामानं त्यायले पाहुन्यांच्या टोप्या अन् छत्र्या टांगल्या. खाली गावच्या सोसायटीचा तलाव, तिथं परवानगीनं गळ टाकाचा. पाहुने मिलिटरीच्या रंगाचे कपडे घालून येतात अन् हळूच इचारतात की काही माराले भेटंन काय. मामा त्यायले अदबीनं सांगतात की डास भेटतीन, पाह्यजे तेवढे.

अन् मामा पान्याकाठी बसला की पाहात राहा. आपलं माळकरी घर, मासा म्या फक्त पुस्तकातल्या चित्रात पाह्यलेला. मामाच्या गळ्यात बी माळ आहे, स्वतः खात नाहीत, पन पान्यावर जराशी चुनी पडली की सांगतात कोनता मासा अन् केवढा. त्याहीचा कायदा असा, की लहान मासा सोडाचा कारन तो पोट्टा आहे, अन् मोठा बी सोडाचा कारन ती मादी असते, तिच्या पोटात अंडे असतात. मधलाच काय तो सैपाकघरात येते.

काल एक नागपूरचे बँकवाले साहेब महागाचा गळ घेऊन आले. ते जेवाले गेले त म्या त्याहीच्याच चपलीतली एक गळाले अडकवून पान्यात सोडली. मंग काय, साहेब ओढून राहिले, सारे पाहुने जमा झाले, चप्पल वर आली. मी झाडामांगं पोट धरून. मामा हासले नाही. त्याहीनं चप्पल हातात घेतली, उलटीपालटी करून पाह्यली अन् साहेबाले सांगतलं की हे अजून लहान आहे, इथच्या कायद्यानं सोडा लागंन. साहेबच सगळ्यायच्या आंधी हासले. मंग मामानं मले बोलावून साहेबाचे दोनी जोड घासाले लावले, ते बी न हासता. असा मानूस म्या पाह्यला नाही.

पन लग्नाची गोठ काढली का उठून जातात. काहून ते समजत नाही. तुले माहीत असंन त कळवजो.

माह्यावर लोभ ठेवजो, लग्नातले बुंदीचे लाडू बी ठेवजो.

तुहा भाऊ
कुलदीप


अकोट
१७ एप्रिल

चि. कुलदीप यास,
रागिणीताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुहं अक्षर वाचाले मले अन् आईले मिळून चष्मा लागला. इथं ऊन असं आहे, की ब्लाउज शिवणारी बाई बी कूलरच्या समोरून हालत नाही, अन् तू थंड हवेत रोडगे खाऊन राहिला. चपलीची गोठ बाबाले सांगतली नाही. आईले सांगतली, तिनं पदर तोंडाले लावला.

आता नीट वाच, अन् मामाजवळ तोंड उघडू नको. आपल्या थोरल्या संध्याताईच्या लग्नात तू नवरदेवाचे जोडे लपवाच्या गडबडीत होता, म्हणून तुले माहीत नाही. मामी जाऊन तवा वर्ष बी झालं नव्हतं. मामा फेटा बांधून संध्याताईच्या मांगं उभे राहाले आले, त पार्बताबाई आत्यानं सगळ्यायसमोर म्हटलं की एकटा मामा पाठीशी चालत नाही, जोडी पाह्यजे, दुसऱ्या कोणाले उभं करा. मामानं फेटा सोडला, घडी केली अन् पंगतीत पाणी वाढाले गेले. मी अंतरपाटाच्या बाजूले तांदूळ घेऊन उभी होती, म्या सारं पाह्यलं. तवापासून ते कोण्या लग्नाले घाट उतरले नाही. सीझन-बिझन काही नसते रे.

म्या आत्याले सांगून देल्लं की माह्या पाठीशी खुशालमामाच उभे राहातीन, नाही त जागा रिकामी राहीन. आत्या दोन दिवस चहा न घेता बसली, मंग घेतला. पण हे सांगून मामाले आणणं मले पटत नाही. त्यायले वाटंन की भाचीनं कीव केली. अन् रडून-पडून आणलं, तरी बी ते मान खाली घालूनच उभे राहातीन. त्याहीनं ताठ मानेनं याव. कसं ते तुले सुचंन. जन्मभर उपद्व्याप केले, आता एक कामाचा कर.

तब्येतीले जप, पाण्यात खोल जाऊ नको. ताईची माया आहे तशीच आहे, तू ती दरवेळी तपासून पाहू नको.

तुही ताई
रागिणी


सेमलपाटी
२८ एप्रिल

ति. रागिणीताईस,
कुलदीपचा सा. न. वि. वि.

ताई, फेट्याच्या कापडाचं पाह्य. मामा येऊन राहिले.

तुहं पत्र वाचून मी एक अख्खी सकाळ कोनाची खोडी काढली नाही. मामानं मले ताप आहे का म्हनून कपाळाले हात लावून पाह्यला. मंग डोकशात आलं, की ज्या मानसाले विनंती करता येत नाही त्याच्यासंग पैज लावाव. म्या म्हटलं, मामाजी, रविवारी आपून दोघं बी गळ टाकू. माहा मासा मोठा निंघाला त तुमी अकोटले येऊन ताईच्या पाठीशी उभे राहाचं. तुमचा मोठा निंघाला त मी पावसाळाभर इथं पाहुन्यायचे भांडे घाशीन. मामा गळाची दोरी गुंडाळता गुंडाळता म्हने बरं.

आता मले येते काय गळातलं? घंटा. म्हनून देवमनले गाठलं, अन् अमरावतीच्या बजारातून सगळ्यात लांब मासा आनाले सांगतला. त्यानं थर्माकोलच्या डब्यात बर्फ टाकून, वरून मेथीच्या जुड्या झाकून आनला. असा चांदीवानी चकचकीत, माह्या हाताएवढा लांब. डबा मी मोठ्या गोट्यामांगं लपवून बसलो.

मामाले आंधी लागला. रोहू, कोपरापर्यंत भरंन असा. ताई, त्याहीनं आंधी आपला हात पान्यात ओला केला, मंगच मासा धरला. म्हने कोरड्या हातानं त्याची कातडी पोळते. मापला, अन् बारक्या लेकराले पाळन्यात ठेवाव तसा परत पान्यात ठेवला. खरं सांगतो, अशा मानसाले फसवाची मले त्या घडीले लाज वाटली. पन तुहं पत्र खिशात होतं.

मंग म्या डब्यातला मासा हळूच गळाले अडकवला, आरडाओरड केली, गळ ओढला, स्वतःच गुडघ्याएवढ्या पान्यात पडलो अन् माहा मासा वर काढला. पाहुन्यायनं टाळ्या वाजोल्या. मामानं मासा हातात घेतला, पाह्यला, अन् खालचा ओठ दाताखाली धरला. मले वाटलं मेलो. मंग म्हने जिंकला तू.

एवढ्यावर भागलं असतं, पन म्या त्याहीचा कायदा इसरलो होतो. मोठा मासा सोडाचा. सगळ्यायसमोर म्हने सोड बापा पान्यात. म्या सोडला त तो दगडावानी तळाले. म्या घाईघाईनं सांगतलं की थकला आहे, आराम करून राहिला. मामा म्हने असंन, लय दुरून आलेला दिसते.

असो. सावज गळाले लागलं. आत्याले चहा पाजून ठेवजो.

तुहा लोभ आहे म्हनून एवढी अक्कल चालली, तो कमी पडू देऊ नको.

तुहा भाऊ
कुलदीप


सेमलपाटी
२८ एप्रिल

चि. सौ. कां. रागिणी हिस,
खुशालमामाचे अनेक आशीर्वाद.

कुलदीपनं आपलं पत्र देवमनजवळ देल्लं, त्याच थैलीत हे बी टाकून राहिलो. हे त्याले दाखवू नको, नाही त पोट्ट्याचं मन मोडंन.

त्यानं पैज जिंकल्याचं तुले कळवलंच असंन. बाई, तो मासा हातात घेतला त बर्फावानी थंड. एप्रिलचं तलावाचं पानी कोमट असते. तरी म्हटलं असंन बापा, खोल पान्यातला असंन. मंग नीट पाह्यला. ते सुरमई होय. समुद्रातला मासा. आपल्या माळकरी घरात कोनं कवा पाह्यला, कुलदीपले कसं समजाव की तलावातला कोनता अन् समुद्रातला कोनता. त्याले फक्त लांब पाह्यजे होता. देवमनले इचारलं त तो जीपचं बोनेट उघडून त्यात तोंड घालून बसला, पाठ हालून राहिली होती.

ओठ चावून चावून मी 'जिंकला' एवढंच म्हटलं. नंतर बंगल्यामांगं जाऊन इतका हासलो, इतका, की तुही मामी गेल्यापासून हासलो नव्हतो. हासता हासता बसून राह्यलो. जो पोट्टा कामाचं नाव काढलं की पळते, तो बहिनीसाठी अमरावतीहून मासा मांगवते, भर पाहुन्यात पान्यात पडते, अन् मेलेल्या माशाले थकला म्हनून सांभाळून घेते. माह्यावर कोनी एवढी मेहनत केल्याचं मले आठवत नाही.

संध्याच्या लग्नातलं तू पाह्यलं होतं, तुह्या हातात तांदूळ तसेच राह्यले होते, ते म्या पाह्यलं. पार्बताबाईवर माहा राग नाही. तिले जोडी पाह्यजे, तिचं बी खोटं नाही. तुह्या मामीचा हिरवा शालू पेटीत आहे. तो मी खांद्यावर घेऊन तुह्या मांगं उभा राहीन. पार्बताबाईले सांगजो की मामा-मामी दोघं येऊन राहिले.

सीझनचं पाहून घेईन, पाहुने पुढच्या साली बी येतात. अकोटच्या उनाची धास्ती वाटते, पन सुरमई समुद्र सोडून एवढा घाट चढून आली, त मले खाली उतराले काय झालं.

भाचीची माया मामाले पुरून उरली, मामाची तुले पुरो.

तुहा मामा
खुशालराव