मोर आमचाच

३ एप्रिल २००३, सकाळी
जालिंदरनं कंपनीतली डायरी दिली. म्हणला, आये, साक्षरता वर्गात शिकलीस ते इसरू नको. तर लिहिते. शेजारच्या सरदारबीच्या परसात मोर पाणी प्यायला येतो. रोज. ती कुडावरून मला सांगते, म्हाळसाबाई, आज पिसारा बी फुलवला! मी म्हणलं, बरं झालं. मला काय त्याचं? पर घोड नदीकडनं येताना आधी आमचं घर लागतं. म्हंजी मोर आमचाच.

७ एप्रिल
नदी आटली. टँकर न्हाई आला. भांड्यांचं पाणी घालून वांगी जगवलीत, तर पहाटं कुणीतरी कवळी वांगी टोचून गेलं. सरदारबीच्या कोंबड्या, दुसरं कोण! तिला बोलले न्हाई. मनात बोलले, लई.
दौंडाहून लेकीचा, सुषमाचा फोन. माझी नात सोनम सुट्टीला येणार. तिला सांगितलं, आपल्या दारात मोर येतो. जरा आधी सांगितलं, एवढंच.

१२ एप्रिल
स्टीलची परात काढली. ह्यांनी माझं नाव कोरून आणलेली. राखेनं घासून पाणी भरून परसात ठेवली. कशी चमकती! सरदारबीचा फुटका माठ कुठं आन् ही कुठं. मोर कुडापर्यंत आला, बघितलं, तिकडं गेला. डोळं दिपलं असतील बिचाऱ्याचं.

१५ एप्रिल
चोर पुन्हा. बुजगावणं केलं. ह्यांचं धोतर, लाल पागोटं. शिवाय डब्यात खडे घालून दोरी बाजेपर्यंत आणली. वांग्यात खसफसलं की वढायची. जालिंदर म्हणला, आये, एका हातानं पाणी ठेवतीस, दुसऱ्यानं डबा वाजवतीस, मोरानं समजायचं काय? मी म्हणलं, डबा कोंबड्यांसाठी हाय, मोराला कळतं. नाईट शिफ्टनं पोराचं डोकं फिरलंय.

२ मे
सोनम आली! किती उंच झाली. दोघी परातीपाशी बसलो. चिमण्या आल्या, साळुंकी अंघोळ करून गेली. मोर न्हाई. म्हणलं, आज शुक्रवार, उपास असंल त्याचा.

५ मे
पोरगी उठल्यापासनं सरदारबीकडं. शेवया खाती. नानी म्हणती तिला! माझ्या देखत! मला कायबी वाटलं न्हाई. चहात मीठ पडलं ते निराळं.
मग पळत आली. आजी, चोर घावला! मोरच आपली वांगी खातो, तू डबा वाजवलास की उडून नानीकडं जातो.
म्हंजी कोंबड्यांचा दोष न्हाई. माफी मागायला जाणार होते, पर मी तोंडानं बोललेच कुठं व्हते?

६ मे
बुजगावणं काढलं, डबा काढला. मोर आला! निवांत वांगी खाल्ली. मग परातीत वाकला, त्यात दुसरा मोर दिसला, तर चिडून चोची मारल्या आन् कुडावरून पलीकडं. तिथं पिसारा. दुसऱ्याचं बघवतच न्हाई त्याला. असा कसा सोभाव!

७ मे
परात सरदारबीला नेऊन दिली. म्हणलं, ठेवा माठाच्या जागी. पिऊ दे तिकडं, नाव तर माझं राहील. ती लई खूश झाली.
संध्याकाळी तिनं रोट्या धाडल्या. परातीत पीठ मळलं म्हणं. मोर माठातच पितो. सोनम म्हणली, आजी, नानीच्या रोट्या किती मऊ.
खाऊन बघितली. मग आणखी एक घेतली. मऊ हायेत.
परात चांगली हाय माझी.